पाचवा उद्गार

आमच्या ख्रिस्ती मंडळीत सात उद्गारांची वाटणी ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी होते. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन, येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात; मधेमधे गीतं आणि प्रार्थना. पहिला उद्गार पाळकसाहेबांचा, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. आईला शिष्याच्या हाती सोपवतो तो तिसरा, महिला मंडळाचा. चौथा अवघड, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हा. तो निवृत्त मुख्याध्यापकांकडे जातो. यंदा पहिल्यांदाच एक उद्गार तरुण संघाला मिळाला. पाचवा. ‘मला तहान लागली आहे.’

“सगळ्यांत छोटा आहे, पोरांना झेपेल,” असं पंचांपैकी एक जण म्हणाले. छोटा तर आहेच. मूळ ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे, आणि सातही उद्गारांत शरीराबद्दल बोलणारा तेवढा एकच.

मी तरुण संघाचं काम बघते. वय सत्तावीस. मंडळी मला महिन्याला 6,000 रुपये मानधन देते, सकाळी मी सातवी-आठवीच्या शिकवण्या घेते आणि उरलेला सगळा वेळ या कामाचा. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात राहुरीच्या बाजूला आमचं गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण गाव लहान आहे आणि ज्याच्याबद्दल लिहायचं आहे त्याला सगळे ओळखतात. दर रविवारी रात्री मी आठवड्याचा अहवाल एका वहीत लिहिते आणि सोमवारी ती वही पाळकसाहेबांकडे जाते. तरुण संघाला किती जण आले, कोणाच्या घरी भेट दिली, कोण आजारी, कोण पुण्याला गेलं, कोणासाठी प्रार्थना हवी. रजिस्टरवर तेवीस नावं आहेत. शनिवारी संध्याकाळी सातला नऊ येतात, कधी अकरा. बारावी झाली की पोरं सुपा, रांजणगाव, चाकणच्या कंपन्यांत लागतात आणि मग फक्त नाताळला दिसतात. राहिलेल्यांत काही मुली, दहावीची चार मुलं आणि तो.

तो एकोणीस वर्षांचा आहे. पाण्याचे जार टाकतो. गावातल्या आरओ प्लांटवरून छोटा हत्ती टेम्पो भरायचा, वीस लिटरचा एकेक जार खांद्यावर मारायचा आणि दुकानं, दवाखाने, बँक, मंगल कार्यालय, घरं असं फिरायचं. बारावी अर्धवट राहिली. संघात तो मागच्या सतरंजीवर बसतो, ढोलकी वाजवायची असेल तेव्हा पुढे येतो, बाकी त्याचा आवाज मी वर्षभरात फार तर चारदा ऐकला असेल. पाचव्या उद्गारावर कोण बोलणार असं विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत होते, आणि तो ढोलकीची दोरी आवळता आवळता म्हणाला, “तहान लागलेला माणूस फोनवर कसा बोलतो ते मला म्हायती आहे.”

मी त्याच क्षणी ठरवलं. तोच बोलणार.

पहिल्यांदा तो नाही म्हणाला. “मला नाही जमायचं ताई, मी वाचत असताना अडखळतो.” मी म्हटलं, लिहून तर आण. आठ दिवसांनी त्याने शिकवणीच्या वेळी दाराशी येऊन एक कागद दिला, प्लांटच्या पावती पुस्तकातला, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेला. दहा-बारा ओळी होत्या. सकाळी सहाला प्लांटवर जातो, असं सुरू केलं होतं. दिवसाला शंभराच्या आसपास जार होतात. उन्हाळ्यात लोक फोनवर ओरडतात, पण मी उलटून बोलत नाही, कारण तहान लागली की माणूस ओरडतोच. येशू ओरडला नाही. त्याने नुसतं सांगितलं. आणि शेवटी, वेगळी ओळ सोडून: ‘मी दिवसभर लोकांना पाणी देतो पण मला कोणी पाणी विचारत नाही.’

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजून लाज वाटते. मी तो कागद दुरुस्त केला.

रात्री बसून मी त्याचा कच्चा मजकूर ‘संदेशा’सारखा केला. तहानेचे तीन प्रकार पाडले: शारीरिक, मानसिक, आत्मिक. स्तोत्रांतली हरिणी आणली, जी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते. जार, फोन, प्लांट हे सगळं पहिल्या परिच्छेदात एका वाक्यात कोंबलं. शेवटची ओळ मी काढून टाकली. ती गाऱ्हाण्यासारखी वाटली. उत्तम शुक्रवारी भर मंडळीत कोणी स्वतःचं गाऱ्हाणं सांगावं, हे मला बरं दिसेना. मग सगळं नीट टाइप करून त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवलं, रात्री साडेअकराला, खाली लिहिलं: ‘खूप छान लिहिलंस. थोडंसं नीट केलंय.’

निळ्या खुणा लगेच उमटल्या. सकाळी उत्तर आलं: ‘चालेल ताई.’

त्या शनिवारी तो आला नाही. रविवारी उपासनेलाही नाही. मंडळीतला जार त्याच्या धाकट्या भावाने आणून ठेवला.

सोमवारी मी वही पोचवली आणि पाळकसाहेबांनी विचारलं, “ढोलकी कोणी वाजवली काल?” एवढंच विचारलं. वहीत मी त्याच्या नावापुढे ‘कामामुळे गैरहजर’ लिहिलं होतं. ते खरं नव्हतं, आणि लिहिताना मला ते माहीत होतं.

सोमवार हा माझा सुट्टीचा दिवस, पण मार्चमध्ये सुट्टी कसली. दहावीचे पेपर चालू होते. सकाळी साडेनऊला परीक्षा केंद्राच्या फाटकाजवळ उभं राहून मी आमच्या चौघांबरोबर प्रार्थना केली, एकीने डोळे मिटायच्या आधी विचारलं, “ताई, सूत्र विसरलं तर देव आठवून देतो का?” मी म्हटलं, आठवण्याची शांती देतो. तिने मान हलवली, फार पटलं नसावं. दुपारी आईबरोबर शेवया वाळत घातल्या. संध्याकाळी फोन हातात घेतला आणि ठेवला.

मंगळवारी घरगुती प्रार्थना वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या एका आजींकडे होती. आजींचं वय पंच्याऐंशीच्या पुढे. मी मुद्दाम योहानाचा एकोणिसावा अध्याय वाचायला घेतला, कारण मुलींनी तो भाग आधी ऐकावा असं मला वाटत होतं. ‘मला तहान लागली आहे’ नंतर येतं ते वाक्य मी शंभरदा वाचलं असेल: तेथे आंबेने भरलेले एक भांडे ठेवले होते. बारावीतल्या एकीने विचारलं, “ताई, आंब म्हणजे काय? आंब्याचा रस?”

मी सांगणार होते, आंबट झालेला द्राक्षारस, शिरका. त्याआधी आजीच बोलल्या. “हरभऱ्याची आंब माहीत नाही व्हय गं तुम्हाला?” आणि मग त्यांनी सांगितलं. थंडीच्या दिवसांत हरभरा घाट्यावर यायच्या सुमाराला रात्री शेतात धुतलेलं पांढरं फडकं हरभऱ्यावर अंथरायचं. पहाटे दवाबरोबर पाल्यावरचा आंबटपणा त्या फडक्यात उतरतो. सूर्य वर यायच्या आत ते फडकं पिळायचं, बाटलीत भरून ठेवायचं. पोटात दुखलं, उलट्या झाल्या की चमचाभर पाण्यातून द्यायची. “जीभ कापती तिनं. तहानेला कोण देतं का आंब?”

खोलीत कोणी बोललं नाही. ज्यांनी बायबल मराठीत आणलं त्यांनी हा शब्द निवडताना कुठल्या शेताची पहाट डोळ्यांसमोर धरली असेल, याचा मी त्या क्षणी पहिल्यांदा विचार केला. स्पंज, काठी, भांडं हे सगळं आजवर माझ्यासाठी चित्रातलं होतं. आता ते फडकं झालं, पिळलेलं, जिभेला कापणारं.

आजी सुरू झाल्या की थांबत नाहीत आणि थांबवूही नये. त्या 1972च्या दुष्काळात आल्या. रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, दुपारी सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. त्याची भाकरी थापली की तुटायची. “पन भुकेचं काई न्हाई गं, भूक मरून जाती. तहान मरत न्हाई.” कामावर पाण्याचा एक पिंप असायचा आणि तिथे पाणी वाढणारी बाई ठरलेली असायची. आजींना आणि त्यांच्या जावेला ती बाई वरून ओंजळीत पाणी घालायची. भांडं लांब धरून. निम्मं पाणी कोपरांवरून खाली. “हात वले व्हायचे, नरडं कोरडंच.” त्यांनी ओंजळ करून दाखवली. त्या ओंजळीचा कोन इतका नेमका होता की हाताला आठवण असते म्हणतात ते मला दिसलं.

प्रार्थना संपल्यावर मुलींनी चहा केला. मी तांब्या घेऊन आजींना पाणी दिलं. का कोण जाणे, दोन्ही हातांनी दिलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता, 20 मार्च. आमच्या मंडळीतल्या बहुतेक घरांची मुळं त्याच वस्तीत आहेत जिथे निळा झेंडा आहे; चुलत भाऊ तिकडे, आम्ही इकडे, लग्नाकार्यात सगळे एकत्र. दर 20 मार्चला तिथली पोरं समाजमंदिरात चवदार तळ्याचा कार्यक्रम करतात आणि तीन वर्षांपासून आमचा तरुण संघ तिथे जातो. पहिल्या वर्षी एका वडीलधाऱ्यांना ते आवडलं नव्हतं. उपवासकाळात दुसरीकडचे कार्यक्रम कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. माझं मत तेव्हाही स्पष्ट होतं आणि आताही आहे: पाण्यासाठी माणसं जिथे उभी राहिली ती जागा उपवासकाळाच्या बाहेर असू शकत नाही.

1927 साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी प्यालं, त्याआधी नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव करून ठेवलेला होता. कागदावर खुलं, हाताला बंद. त्यानंतर कोर्टात दावा चालला तो 1937पर्यंत. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं. कार्यक्रमात एका मुलाने हे सगळं सांगितलं तेव्हा मला आदल्या संध्याकाळची ओंजळ आठवत होती. 1972 म्हणजे महाडनंतर पंचेचाळीस वर्षं.

आमच्या भागात ख्रिस्ती मंडळी उभ्या राहिल्या त्यामागे अमेरिकन मराठी मिशन होतं. 1831 साली ते नगरला आलं. त्याच मिशनच्या फरारबाईंची मुलींची शाळा नगरला होती, तिथे सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. आणि पुण्यात 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आम्हाला संडे स्कूलमध्ये हे कधी सांगितलं नाही, मी आता मुलांना सांगते. शाळा आणि पाणी या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्रच येतात. राहुरीला काही काळ कवी ना. वा. टिळकांचं कुटुंब राहत होतं. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ख्रिस्ती नव्हत्या, सोवळंओवळं पाळत होत्या, पाणी वेगळं ठेवत होत्या. पुढे विचार करकरून त्यांनी ठरवलं की जात माणसाने केलेली आहे, आणि कोणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी पाणी, मग तो पाण्याचा विधी.

याकोबाच्या विहिरीवर येशू शोमरोनी बाईला म्हणतो, मला प्यायला दे. ती चकित होते, कारण तू यहूदी आणि मी शोमरोनी, माझ्या हातचं तू कसं घेतोस? माझ्या आजीला ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागली नव्हती म्हणे. तिने पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती एवढंच म्हणाली होती की मग हा देव आपल्या घरी पाणी पिईल.

हे सगळं मला पाठ आहे. मी हे शिकवते. आणि एका पोराने लिहिलं होतं की मला कोणी पाणी विचारत नाही, आणि मी ते वाक्य गाऱ्हाणं म्हणून खोडलं होतं. समाजमंदिरातून परत येताना स्कूटीवर हे माझ्या अंगावर आलं. तीन प्रकार पाडणारी मी. शारीरिक तहान पहिल्या परिच्छेदात उरकून टाकणारी मी.

गुरुवारी नगरला जाऊन उपासनाक्रम छापायला टाकला, एवढंच केलं.

शुक्रवारी पहाटे सहाला मी प्लांटवर गेले.

तो नळीखाली जार धरून उभा होता. मला बघून ओशाळला. “ताई, बोलणार आहे मी, पाठ करतोय,” म्हणाला. मी म्हटलं, आज मी तुझ्याबरोबर येते. त्याला काय बोलावं कळेना. केबिनमधली रिकाम्या बाटल्यांची पिशवी मागे टाकून त्याने जागा केली.

पहिली फेरी पस्तीस जारची. मी दोनदा जार उचलायचा प्रयत्न केला. वीस लिटर म्हणजे वीस किलो, आणि तो खांद्यावर घेताना पाणी आत हलतं, तोल जातो. त्याच्या उजव्या खांद्यावर शर्टाचा रंग उडालेला आहे, नेमका जारच्या बुडाएवढा. बँकेत दोन, दवाखान्यात तीन, मोबाइलच्या दुकानांत एकेक. ‘तिथं ठेव.’ ‘काल का नाही आला?’ ‘गळतोय हा, बदल.’ एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहणारे आजोबा आहेत, त्यांचा जार तो स्वतः स्टँडवर उलटा करून बसवून देतो, कारण त्यांना जमत नाही. त्यांच्याकडे तो बूट काढून जातो. बाकी ठिकाणी उंबऱ्याशीच ठेवायचा असतो.

दहा वाजता ऊन चढलं. कालव्याच्या पुलावर त्याने गाडी दोन मिनिटं थांबवली. खाली कालव्याला आवर्तन सुटलेलं होतं, पाणी काठोकाठ, गढूळ, वेगात. मुळा धरण आमच्यापासून लांब नाही. 26 टीएमसीचं धरण. उसाला पाणी जातं, शहराला जातं. आमची वस्ती चारीच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे आणि टेलला पाणी पोचेपर्यंत आवर्तन संपतं. बोअरचं पाणी क्षाराचं, भांड्याला पांढरा थर धरणारं. म्हणून जार. मंडळीच्या आवारात मिशनच्या काळातली दगडी विहीर आहे, चांगली बांधलेली, आमच्या लोकांना हक्काने पाणी भरता यावं म्हणून खोदलेली; तिच्यावर आता जाळी टाकली आहे आणि आम्ही जार विकत घेतो. पुलापलीकडून ऊसतोडीची एक टोळी बिऱ्हाड भरून बीडकडे निघाली होती, ट्रॉलीवर पत्रे, बाज, पिंप, वर बसलेली पोरं. हंगाम संपला.

त्याने सीटखालून आपली बाटली काढली, दोन लिटरची, वर ओलं पोतं शिवलेली. आधी मला दिली.

मी पाणी प्याले आणि म्हटलं, “तुझी शेवटची ओळ मी काढायला नको होती.”

तो कालव्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “ती खोटी व्हती असं वाटलं का तुम्हाला?”

“नाही. खरी होती. मला वाटलं, लोकांना बरं वाटणार नाही.”

“मी कोणाला बोल लावला नव्हता, ताई. लोकं वाईट नाहीत. त्यांना वाटतं, याच्या गाडीत पस्तीस जार पाणी आहे, याला कशाला विचारायचं.” थोडं थांबून तो म्हणाला, “पण जारचं पाणी ग्राहकाचं असतं. मी आईच्या हातची बाटली घेऊन निघतो, ती बाराला संपती.”

“कुठेच कोणी विचारत नाही?”

“ते वरचे आजोबा विचारायचे. आता त्यांना उठवत नाही.” मग त्याने गाडी सुरू केली, आणि रस्त्याकडे बघत, अजिबात चढा आवाज न करता म्हणाला, “तुमच्याकडं पण नाही.”

आमच्या घरी एक दिवसाआड जार येतो. दोन वर्षं झाली. दार उघडते ती मी किंवा आई. मी त्याला काय काय विचारलेलं आहे! शनिवारी येणार ना, आईची शुगर कशी आहे, बारावीचा फॉर्म भरलास का, वचन वाचतोस का. हे सगळं दारात उभं राहून, त्याच्या खांद्यावर जार असताना.

मी काही बोलू शकले नाही. त्याने माझ्याकडे बघितलं नाही हे त्याचे उपकार.

दुसरी फेरी साडेअकराला निघाली. मी बरोबर गेले. मनमाडला जेझुइट संघाचे फादर व्हिन्सेंट फेरर होते, त्यांच्याबद्दल मी त्याला सांगितलं. त्यांनी शेतकऱ्यांना विहिरी खोदायला मदत केली. 1968 साली त्यांना देश सोडायला सांगितलं तेव्हा शेतकरीच त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. आणि आपल्याच नगर जिल्ह्यात फादर हर्मन बाखर, स्वित्झर्लंडहून आलेले, ज्यांनी संगमनेरकडच्या दरेवाडीसारख्या कोरड्या गावांत पाणलोटाची कामं उभी केली. लोक त्यांना बाखरबाबा म्हणत. तो लक्ष देऊन ऐकत होता. “म्हणजे यांनी पाचव्या उद्गारावर कामच केलं,” म्हणाला. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. यापेक्षा चांगला संदेश मी तरी ऐकलेला नाही.

दुपारी मी त्याला त्याचा कागद परत दिला. पावती पुस्तकातला, मूळचा. मी तो बायबलमध्ये ठेवला होता. माझा टाइप केलेला मजकूर त्याच्यासमोर डिलीट केला. “हाच वाच,” म्हटलं. “यात काही घालायचं असेल तर तू घाल.”

शनिवारी तो आला. पोरांनी ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या तोडून आणल्या, दोघांचे हात काट्यांनी सोलवटले, मुलींनी त्या पाण्यात भिजवून सकाळपर्यंत ओल्या ठेवल्या. रविवारी, पाम संडेला, झावळ्यांची फेरी वस्तीतून निघाली, ढोलकी त्याच्या गळ्यात. सगळ्यांत धाकट्या मुलाने झावळी उलटी धरली होती आणि तशीच शेवटपर्यंत नाचवली. संध्याकाळी गावात होळ्या पेटल्या. यंदा होळीची पौर्णिमा आणि आमचा पवित्र आठवडा एकत्र आला होता, आणि त्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा पुनरुत्थानाचा, ईस्टरचा. त्या रात्री वहीत मी मागच्या आठवड्याच्या पानावर जाऊन ‘कामामुळे गैरहजर’ खोडलं आणि लिहिलं, ‘माझ्यामुळे’. पाळकसाहेबांनी ते वाचलं असणार. त्यांनी त्यावर काही लिहिलं नाही, नुसती सही केली.

उत्तम शुक्रवारी मंदिर भरलं होतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, बरेच जण निर्जळी उपासाचे, पंखे चालू आणि तरी घाम. मुख्याध्यापक चौथ्या उद्गारावर पंचवीस मिनिटं बोलले. मग तो उठला. कागद हातात धरला होता, तो थरथरताना मागच्या बाकापर्यंत दिसत होता. वाचताना दोनदा अडखळला. सकाळी सहाला प्लांटवर जातो. लोक ओरडतात. येशू ओरडला नाही. मधे त्याने दोन नव्या ओळी घातल्या होत्या: ‘त्याला आंब दिली. आंब हरभऱ्यावरची असते, ती जीभ कापते. त्याने ती पण घेतली.’ आजी पुढच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या नातीने त्याला सांगितलं असणार. मग ती शेवटची ओळ आली. ती त्याने कागदाकडे न बघता म्हटली, आणि लगेच म्हणाला, “एवढंच आहे,” आणि खाली उतरला.

चार मिनिटंही झाली नव्हती. कोणी खोकलंसुद्धा नाही. पाचव्यानंतरचं गीत होतं, पण पेटीवर बसलेल्या ताईंचा हात उचलत नव्हता.

उपासना तीनला संपली. बाहेर आला तर त्याच्या फोनवर अकरा मिस्ड कॉल होते, संध्याकाळी एका कार्यालयात साखरपुडा होता आणि चाळीस जार पाहिजे होते. तो धावत गाडीकडे गेला. मी साडीचा पदर खोचून शेजारी बसले. पांढरी साडी, धुळीने संध्याकाळपर्यंत तांबडी झाली.

शेवटचा जार आमच्या घरचा होता. साडेसहा वाजले असतील. आईने दार उघडलं. ती सकाळपासून उपाशी होती, उपासनेहून येऊन अजून तिने काही घेतलेलं नव्हतं. तिने त्याच्या खांद्यावरचा जार आत ठेवू दिला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, “बस रे. पाणी घेतोस ना?”

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग खुर्चीत बसला, टाच घासून बूट काढले आणि विचारलं,

“माठातलं आहे का, काकू?”